मर लागते तेव्हा

आमच्याकडे दासगावात उन्हाळा संपता संपता कोंबड्यांना मर लागते. दर वर्षी लागते असं नाही, पण ज्या वर्षी लागते त्या वर्षी वाडीतली खुराडी एकापाठोपाठ एक रिकामी होतात. आधी कोंबडी पंख पाडून एका कोपऱ्यात बसते, चोच उघडून श्वास घेते. मग हिरवी हगवण. मग एक पाय ओढत चालणं, मान पिळवटून मागे वळलेली. बहुतेक कोंबड्या तेवढं होण्याआधीच जातात. शेजारच्या काकी हळद-लसूण चारून बघतात. काही घरांत कोंबडी झुलायला लागली की सरळ पातेलं चढवतात, निदान वाया तरी जाऊ नये. काकींना रोगाचं नाव सांगायला गेलो तर म्हणाल्या, "मर ती मर. नाव घेऊन काय ती उठून बसणार आहे?"

नाव राणीखेत. कोंबडीपालनाच्या पुस्तकांत मानमोडी असंही सापडतं.

*

दासगावात १९२७ म्हटलं की एकच गोष्ट डोळ्यांपुढे येते. त्या डिसेंबरात बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून पद्मावती बोटीने निघून दासगाव बंदरात उतरले आणि इथून पायी महाडच्या परिषदेला गेले. आज बंदर गाळाने भरलंय, पण जागा दाखवणारे आहेत.

त्याच वर्षाची एक फारच किरकोळ नोंद माझ्या वहीत आहे. इंग्लंडात न्यूकॅसल बंदराच्या परिसरात १९२६ साली कोंबड्यांची मोठी साथ आली. डॉयल नावाच्या पशुवैद्याने १९२७ मध्ये तिचं वर्णन छापलं आणि रोगाला गावाचं नाव दिलं. जावा बेटावर तोच रोग १९२६ मध्येच दिसला होता. त्याच सुमाराला तो कुमाऊंच्या डोंगरात, राणीखेतला निघाला. जगभर न्यूकॅसल, आपल्याकडे राणीखेत. बिचाऱ्या दोन्ही गावांचा यात काही अपराध नाही. बंदरात बोटी येतात, बोटींतून माल येतो आणि मालाबरोबर न मागवलेलंही पुष्कळ येतं.

*

या विषाणूकडे भांडवल किती? सहा जनुकं. आरएनएचा एकच धागा, सुमारे पंधरा हजार अक्षरांचा. कोंबडीची जनुकं त्याच्यापुढे हजारोंनी आहेत.

सहांपैकी दोन प्रथिनं विषाणूच्या अंगावर बाहेर उभी असतात. एचएन हे प्रथिन पेशीला धरतं, एफ हे प्रथिन विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळवतं. एफ कामाला लागण्याआधी त्याचे दोन तुकडे व्हावे लागतात आणि ते तुकडे करणारी कात्री कोंबडीची स्वतःची असते. सौम्य जातीच्या एफला कापू शकणारी कात्री श्वासनलिकेत आणि आतड्यातच मिळते, म्हणून तो रोग सर्दी-खोकल्यावर थांबतो. जहाल जातीच्या एफमध्ये कापण्याच्या जागी दोन-चार अमिनो आम्लं वेगळी असतात. तेवढ्या फरकाने त्याला कोंबडीच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असलेली कात्री चालते. मग मेंदू, यकृत, प्लीहा, सगळीकडे वाट मोकळी. एफ पेशी-पेशी एकमेकींत मिसळवत नेतं, अनेक केंद्रकांचे मोठे गोळे होतात आणि ते गोळे मरतात.

पेशी मरण्याची ही ढोबळ तऱ्हा झाली. एक बारीक तऱ्हाही आहे. बरेलीजवळ इज्जतनगरला भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आहे. तिथे कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत अख्खा विषाणू न घालता फक्त एचएनचं जनुक घातलं. पेशींनी ते प्रथिन बनवलं आणि त्या शिस्तीत मेल्या. 'शिस्तीत' हा शब्द मुद्दाम लिहिलाय, कारण पेशी दोन-तीन प्रकारे मरते आणि इथे सगळी गोम त्या प्रकारांत आहे.

*

पेशी जखमेने, विषाने, भाजून मरते तेव्हा ती फुगते, फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं, आजूबाजूला सूज येते. दुसऱ्या प्रकारात ती आक्रसते. आवरणावर बुडबुडे येतात, केंद्रकातला डीएनए सुमारे १८० अक्षरांच्या मापाने तुकडे तुकडे होतो आणि शेवटी पेशीच्या लहान लहान पुड्या होतात. त्या शेजारच्या पेशी गिळून टाकतात. सांडलवंड काही नाही. केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ मध्ये याला अपॉप्टोसिस म्हटलं. हे मरण पेशीच्या स्वतःच्या जनुकांत लिहिलेलं असतं आणि त्याचं हत्यार म्हणजे कॅस्पेज नावाची प्रथिनं कापणारी विकरं. ती पेशीत कायम असतात, पण निजलेली.

त्यांना उठवायच्या वाटा मुख्यतः दोन. एक बाहेरून: पेशीच्या अंगावर 'फास'सारखे ग्राहक असतात, त्यांना निरोप मिळाला की आत कॅस्पेज जागी होतात. दुसरी आतून: पेशीचं काही बिनसलं की तंतुकणिकांच्या बाहेरच्या आवरणाला भोकं पडतात आणि सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन बाहेर गळतं. एरवी ते आपल्या श्वासोच्छ्वासाच्या कामात असतं. बाहेर आलं की तेच कॅस्पेजची साखळी सुरू करतं. जगवणारं प्रथिन जागा बदलली की मारतं, हे शिआओडाँग वांग यांच्या प्रयोगशाळेने १९९६ मध्ये दाखवलं तेव्हा पुष्कळांना पटायला वेळ लागला.

विषाणू शिरलेल्या पेशीने लवकर मरणं शरीराच्या फायद्याचं असतं. विषाणू परोपजीवी, त्याला पिल्लं घालायला पेशीचा कारखाना चालू असावा लागतो. पिल्लं तयार व्हायच्या आत कारखाना बंद झाला तर विषाणू तिथेच संपला. रायगडाच्या पायथ्याला वनखात्याचे लोक वणव्याच्या दिवसांआधी गवताची पट्टी आपणच जाळून जाळरेषा काढतात, तसं हे आहे. थोडं आपणच गमवायचं, म्हणजे पुढचं वाचतं.

म्हणून 'विषाणूची प्रथिनं पेशी मारतात' एवढंच वाक्य ऐकलं की मी विचारतो: कधी मारतात? लवकर की उशिरा? सगळं त्यावर आहे.

*

कोंबडीची बोटं सुटी असतात, बदकाची पडद्याने जोडलेली. गर्भात दोघांच्याही बोटांमध्ये पडदा असतो. कोंबडीत त्या पडद्याच्या पेशी ठरल्या वेळी मरतात, बदकात ते मरण थांबवलं जातं. आपली बोटंही कोंबडीच्याच वाटेने सुटी झाली. हे मरण विषाणूने शोधलेलं नाही. ते आपल्याच घरातलं जुनं कसब आहे, विषाणू त्याचा वापर करतो.

*

हे कसब किती नेमकं असतं ते बघा: एका मिलिमीटरच्या गोल कृमीत वाढीच्या काळात १,०९० कायिक पेशी तयार होतात आणि त्यांतल्या नेमक्या १३१ मरतात, प्रत्येक कृमीत त्याच. हे मोजणाऱ्या सल्स्टन यांना ब्रेनर आणि हॉर्विट्झ यांच्यासह २००२ चं नोबेल मिळालं.

*

भाच्याची ब्रॉयलरची शेड आहे, कराराने. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज, तूस आणि रात्रीची जागरणं भाच्याची. पैसे किलोवर. तिथे राणीखेतपेक्षा गंबोरोचा धाक जास्त. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं अचानक पिसं फुलवून बसतात, पांढरी पाण्यासारखी विष्ठा, दोन-तीन दिवस मरतूक चढते आणि मग आपोआप उतरते. मेलेलं पिल्लू भाचा ब्लेडने उघडतो. मांडीच्या मांसात रक्ताचे फराटे आणि शेपटीखाली, गुदद्वाराच्या वरच्या बाजूला, फुगलेली पिशवी दिसली की कंपनीच्या डॉक्टरांना फोन.

ती फॅब्रिशियसची पिशवी. पक्ष्यांनाच असते. ती कशासाठी आहे हे शेकडो वर्षं कोणाला माहीत नव्हतं. अमेरिकेत ब्रूस ग्लिक यांच्या लक्षात आलं की लहानपणी ही पिशवी काढलेल्या कोंबड्या पुढे प्रतिपिंडं बनवतच नाहीत. हा शोध एका मोठ्या विज्ञान नियतकालिकाने परत पाठवला आणि तो १९५६ मध्ये कोंबडीपालनाच्या मासिकात छापून आला. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी पक्ष्यांत इथे तयार होतात आणि गंबोरोचा विषाणू नेमका त्यांनाच खातो. तो अमेरिकेत डेलावेअर राज्यातल्या गंबोरो भागात सापडला, भारतात १९७१ पासून आहे.

म्हणजे शेडमधली मरतूक थांबली तरी गोष्ट संपत नाही. उरलेल्या पिल्लांची पिशवी आक्रसून वाटाण्याएवढी होते. अशा पिल्लाला राणीखेतची लस दिली तरी ती अंगी लागत नाही, कारण लसीला उत्तर देणाऱ्या पेशीच नाहीत. भाचा म्हणतो, "मामा, मेली ती सुटली. राहिलेली खाद्य खातात आणि वजन धरत नाहीत, त्यांनी माझा लॉट बुडतो."

*

गंबोरोच्या विषाणूत व्हीपी-५ नावाचं एक लहानसं प्रथिन आहे. ते विषाणूच्या अंगात बसत नाही. पेशीत शिरल्यावरच तयार होतं. मेरीलँडच्या विक्रम वखारिया यांच्या प्रयोगशाळेने १९९८ मध्ये हे प्रथिन गाळून विषाणू तयार केला. तो कोंबडीत वाढला, पण पिशवीची नासाडी झाली नाही. झालं, सगळ्यांनी व्हीपी-५ ला खुनी ठरवलं.

मग २००६ मध्ये त्याच प्रयोगशाळेतून उलट बातमी आली. लागण झाल्यावर सुरुवातीच्या तासांत व्हीपी-५ पेशीचं मरण अडवतं. ते नसलं तर पेशी लवकर मरतात. पुढे चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं की उशिरा हेच प्रथिन तंतुकणिकेच्या बाहेरच्या आवरणातल्या एका दारप्रथिनाला चिकटतं आणि सायटोक्रोम सी बाहेर पडतं. आधी पेशीला धरून ठेवायचं, पिल्लं तयार झाली की सोडून द्यायचं. एकाच प्रथिनाची ही दोन कामं आहेत आणि दोन्ही त्याच विषाणूच्या हिताची.

मला या सगळ्या विषयात हे प्रथिन सर्वांत शहाणं वाटतं. शहाणं म्हणजे अर्थात आपल्या बोलण्यात. प्रथिनाला डोकं नसतं.

*

कोंबडीचाच आणखी एक विषाणू, पांडुरोगाचा. जपानमध्ये १९७९ मध्ये सापडला. डीएनएचं एक वर्तुळ, जेमतेम २,३०० अक्षरं, तीन प्रथिनं. इतका लहान की कागदाच्या दोन्ही बाजूंवर त्याची सगळी अक्षरं लिहून होतील. पिल्लांच्या अस्थिमज्जेतल्या आणि मानेतल्या थायमस ग्रंथीतल्या पेशी तो मारतो. तुरा पांढुरका, हाडातली मज्जा पिवळी.

यातलं तिसरं प्रथिन १२१ अमिनो आम्लांचं. हॉलंडमध्ये लायडनला नोटबोर्न आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवलं की हे एकटं प्रथिन पेशीला मरणाच्या वाटेला लावतं. नाव ठेवलं अपॉप्टिन. त्यानंतर दोन-तीन वर्षांत जी गोष्ट बाहेर आली तिने कर्करोगवाले खुर्चीतून उठले: अपॉप्टिन माणसाच्या कर्कपेशी मारतं आणि निरोगी पेशी बहुतेक सोडून देतं. निरोगी पेशीत ते केंद्रकाबाहेर पडून राहतं, कर्कपेशीत केंद्रकात शिरतं.

तेव्हापासून दर चार-सहा महिन्यांनी कुठेतरी 'कोंबडीच्या विषाणूतून कॅन्सरवर औषध' अशी बातमी येते. व्हॉट्सअॅपवर मला ती पाठवणारे कमी नाहीत. शोध खरा आहे, बातमी अर्धी आहे. बशीतल्या पेशींपर्यंत प्रथिन पोचवणं सोपं, माणसाच्या अंगातल्या गाठीतल्या प्रत्येक पेशीत पोचवणं फार अवघड. तीस वर्षं झाली, दवाखान्यात मिळणारा उपचार त्यातून अजून निघालेला नाही.

*

ब्रॉयलरवाले 'लिची' म्हणतात तो रोग: हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी भरतं आणि हृदय सोललेल्या लिचीसारखं दिसतं. पाकिस्तानात १९८७ मध्ये निघाला, काही वर्षांत इकडे आला. विषाणू अॅडेनो कुळातला.

या कुळातल्या माणसाच्या विषाणूवर फार काम झालंय. त्याच्याकडे तीन प्रथिनांची वाटणी आहे. ई-१ए पेशीला जबरदस्तीने विभाजनाकडे ढकलतं, त्याने बिथरून पेशी मरणाची तयारी करते. ई-१बी ती तयारी मोडून काढतं. पिल्लं भरली की तिसरं प्रथिन पेशी फोडून त्यांना बाहेर काढतं. त्या तिसऱ्याला शास्त्रज्ञांनी 'मृत्युप्रथिन' असंच नाव ठेवलंय. एवढं थेट नाव त्यांच्या जगात विरळाच.

*

भात कापला की आमच्या शेतांत वाल आणि थोडा हरभरा. घाटेअळी दोन्हींना. कृषी विद्यापीठांची एक शिफारस जुनी आहे: अळीचाच विषाणू, एचएएनपीव्ही. संध्याकाळी फवारायचा, उन्हाने मरतो म्हणून. पाण्यात थोडी नीळ घालायची, तीही उन्हासाठीच. रोग लागलेली अळी झाडाच्या शेंड्याला चढते, मागच्या पायांनी उलटी लटकते आणि आतून पातळ होऊन फुटते. त्या पाण्यात विषाणूचे कोट्यवधी कण. काही शेतकरी मेलेल्या अळ्या गोळा करून, चुरडून, गाळून पुन्हा तेच फवारतात आणि ते चालतं.

अळीच्या अंगाचं पाणी करणारी विकरंही विषाणूचीच: एक प्रथिनं विरघळवतं, दुसरं कायटिनचं कवच. पण हा सगळा सोहळा शेवटी. तोपर्यंत अळी जिवंत राहून खात राहिली पाहिजे, वाढली पाहिजे. या कुळातल्या एका विषाणूतून जॉर्जिया विद्यापीठात १९९१ मध्ये पी-३५ नावाचं जनुक काढून टाकलं. लागण झालेल्या पेशी ताबडतोब मेल्या आणि विषाणूचं पीक बुडालं. पी-३५ कॅस्पेजच्या तोंडात जाऊन अडकतं. कॅस्पेज त्याला चावते आणि मग सोडताच येत नाही.

विषाणू पेशीचं मरण थांबवून ठेवतात ही गोष्ट नीट उलगडली ती इथून, अळीपासून. मराठी शेतकरी तिचा शेवटचा अंक गेली कित्येक वर्षं हरभऱ्यावर बघतो आहे.

*

फेब्रुवारी २००६, नवापूर. भारतातला पहिला एच५एन१ बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यात. काही लाख कोंबड्या पुरल्या गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये आमच्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात चिरनेरला. प्रत्येक वेळी चिकनचा भाव पडतो आणि कोळणींचा चढतो.

फ्लूच्या विषाणूचं पीबी१-एफ२ हे प्रथिन २००१ मध्ये अपघाताने सापडलं. ते पीबी१ च्याच जनुकात, वाचायची चौकट एक अक्षराने सरकवली की तयार होतं. एकाच ओळीतून दोन अर्थ. ते तंतुकणिकांकडे जातं आणि मुख्यतः संरक्षक पांढऱ्या पेशींना मारतं. १९१८ च्या फ्लूत ते पूर्ण लांबीचं होतं. २००९ मध्ये पुण्यात ज्या स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला त्या विषाणूत ते जवळजवळ नव्हतंच, सुरुवातीलाच तुटलेलं. तरी माणसं मेली. एका प्रथिनावर सगळ्या साथीचा हिशेब मांडू नये, एवढं यावरून कळावं.

*

विदर्भातल्या चांदीपुरा गावाचं नाव जगाच्या विषाणूशास्त्रात कायमचं आहे. १९६५ मध्ये नागपूर भागात तापाची साथ होती. तिथल्या दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने नवा विषाणू काढला. आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशनने १९५२ मध्ये उभी केलेली ही संस्था, आजची एनआयव्ही. जवळजवळ चाळीस वर्षं तो वहीतला विषाणू होता. २००३ च्या पावसाळ्यात आंध्रात ३२९ मुलं मेंदूज्वराने आजारी पडली, १८३ गेली. सकाळी ताप आणि दुसऱ्या दिवशी मूल नाही, असा वेग. त्या साथीत चांदीपुरा निघाला. महाराष्ट्रातही त्याच काळात मुलं दगावली. पसरवणारी वाळूमाशी, डासाहून लहान, मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी. २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा.

पाच प्रथिनांचा विषाणू, आकार बंदुकीच्या गोळीसारखा. त्याचं एम हे प्रथिन विषाणूच्या आवरणाला आतून आकार देतं, हे त्याचं नेहमीचं काम. शिवाय ते पेशीच्या केंद्रकाच्या छिद्रांशी जाऊन बसतं आणि आतले निरोप बाहेर येणं बंद पाडतं. पेशीला स्वतःची प्रथिनं बनवता येत नाहीत, धोक्याची खूण शेजाऱ्यांना पाठवता येत नाही. याच कुळातल्या, गुरांच्या तोंडाला फोड आणणाऱ्या विषाणूत हे एम प्रथिन पेशीला मरणाच्या वाटेला लावतं हे आधीच दिसलं होतं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात २०१३ मध्ये चांदीपुरावर काम झालं. उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत चेतापेशी 'फास'च्या वाटेने, म्हणजे बाहेरच्या निरोपाने मरताना दिसल्या.

मुलांचा मेंदू चोवीस तासांत का कोसळतो याचं हे अर्धंमुर्धं उत्तर आहे. आणि त्या चोवीस तासांवर आजही नेमकं औषध नाही, लस नाही. साठ वर्षांपूर्वी आपल्याच राज्यात सापडलेल्या विषाणूबद्दल हे लिहावं लागतं, याची मला चीड येते.

*

आता उलटं टोक. महाड बाजारात मोकाट कुत्री कमी नाहीत, आणि पिसाळलेल्या कुत्र्याची गोष्ट प्रत्येक गावात एक असते. लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजमधून जवळजवळ कोणी उठत नाही. मग अशा माणसाच्या मेंदूत पेशींचा खच पडलेला असेल असं वाटतं. शवविच्छेदनात मात्र मेंदू आश्चर्य वाटावं इतका धड दिसतो. काही पेशींत नेग्री यांनी १९०३ मध्ये वर्णन केलेले गोलसर ठिपके असतात, बाकी चेतापेशी जागच्या जागी.

रेबीजच्या जहाल जाती पेशीला जपतात. जावंच लागतं जपून: चावल्याच्या जागेपासून मेंदूपर्यंत चेतापेशीच्या धाग्यातून प्रवास करायचा, आणि वाटेतली पेशी मेली तर रस्ताच तुटला. प्रयोगशाळेत मवाळ केलेल्या काही जातींचं जी प्रथिन मात्र चेतापेशी मारतं आणि त्या जाती म्हणूनच मवाळ ठरतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मोनीक लाफाँ यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं की जगवायचं की मारायचं हे जी प्रथिनाच्या शेपटीच्या अगदी टोकाच्या चार अमिनो आम्लांवर ठरतं.

याहून चमत्कारिक पुढचं. मेंदूत मदतीला शिरणाऱ्या टी पेशी असतात, विषाणू लागलेली चेतापेशी त्यांनाच मरणाचा निरोप देते. पहारेकरी मरतात, घर उभं राहतं आणि माणूस जातो.

*

वर्तमानपत्रांत 'किलर प्रोटीन' असा शब्द हल्ली फार दिसतो. माझा त्याला विरोध आहे. एचएन पेशीला धरायला आहे, एम आवरणाला आकार द्यायला, व्हीपी-५ आधी पेशी वाचवतं. मारणं हे कित्येकदा या कामांच्या अंगाने घडतं आणि कॅस्पेज तर पेशीच्याच. विषाणू बहुतेक वेळा एवढंच बघतो की मरण त्याच्या सोयीच्या वेळी यावं. पेशी बघते की ते त्याआधी यावं. रोग सौम्य की जहाल, हे पुष्कळदा त्या काही तासांच्या ओढाताणीत ठरतं.

*

लस याच ओढाताणीत शरीराला पुढचे तास मिळवून देते. लहान पिल्लांना देतात ती राणीखेतची लस म्हणजे सौम्य जातीचा जिवंत विषाणू. त्याचं एफ प्रथिन सगळ्या पेशींत कापलं जात नाही, म्हणून तो मेंदूपर्यंत जात नाही, पण प्रतिपिंडं जहाल जातीलाही चालतात. लहान पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. दोन महिन्यांच्या आसपास आर-टू-बी, टोचून. ही दुसरी जात आपल्याच मुक्तेश्वरची, १९४० च्या दशकात तयार केलेली. शेडमधल्या पिल्लांना लासोटाच्या पुढच्या मात्रा आणि गंबोरोची लस पाण्यातून देतात. भाचा आधी तासभर पाणी बंद ठेवतो आणि पाण्यात दुधाची भुकटी घालतो, नळाच्या क्लोरीनने लस मरू नये म्हणून.

शेडला हे जमतं. अडतं ते आमच्या खुराड्यांचं. लसीची कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची असते. एकदा पाण्यात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते आणि तोवर बर्फावर ठेवावी लागते. काकींच्या कोंबड्या नऊ. नऊ कोंबड्यांसाठी कुपी कोण फोडणार? म्हणून कोणीच फोडत नाही आणि मे उजाडतो. मर लागल्यावर दवाखान्यात धावून उपयोग नसतो. तेव्हा विषाणू आत शिरून बसलेला असतो आणि आजारी कोंबडीला टोचलं तर एकीची सुई दुसरीला रोग देते.

तेव्हा वाडीतल्या सगळ्यांना सांगणं आहे. होळी झाली की एक सकाळ ठरवा, दहा-बारा घरांच्या कोंबड्या आदल्या रात्री खुराड्यात कोंडून ठेवा, दोघांनी महाडला जाऊन जनावरांच्या दवाखान्यातून किंवा दुकानातून कुपी थर्मासात बर्फ घालून आणा आणि ऊन चढायच्या आत सगळ्यांना देऊन टाका. मेलेली कोंबडी खाडीत टाकू नका, चुना घालून खोल पुरा. काकींना मी सांगितलंय, त्या हो म्हणाल्यात. बाकीच्यांनीही नावं द्यावीत.